माऊस त्यांच्याच हातात राहू द्या: घरच्या कॉम्प्युटरच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांसाठी

एखादं पोर एमएस-सीआयटी करून येतं, किंवा पुण्याला नोकरीला लागून दिवाळीला गावी येतं, की दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात कोणीतरी उभं असतं. "ते कॉम्प्युटर नुसतं गोल फिरायलंय, जरा येऊन बघ की." तिथून पुढे गल्लीतला प्रत्येक प्रिंटर, प्रत्येकाचा विसरलेला पासवर्ड आणि प्रत्येकाचं न येणारं नेट त्याच्याच वाट्याला येतं. हा लेख अशा नव्यानं या कामात पडलेल्या मुलामुलींसाठी आहे. परभणीत आणि आसपासच्या गावांत लोकांच्या घरी जाऊन मी बरीच वर्षं हेच करतोय. तुम्ही काम करून दिलं की तो माणूस आठ दिवसांनी तेच घेऊन परत येतो. त्याच्याच हातून करून घेतलं तर परत येताना तो पुढचा प्रश्न घेऊन येतो. मला हा दुसरा माणूस घडवायचा असतो, आणि तुम्हीही तेच करावं म्हणून हे लिहितोय.

आधी विचारा, मग बघा

"बंद पडलंय" हे ऐकून लगेच पळू नका. आमच्याकडे या एका शब्दात पाच-सहा गोष्टी बसतात. स्क्रीन काळी आहे, ती बंद. नेट येईना, तेही बंद. पासवर्ड घेईना, प्रिंट निघेना, विंडोजचं अपडेट अर्धा तास चाललंय, सगळं बंदच. म्हणून मी फोनवरच तीन गोष्टी विचारतो. स्क्रीनवर आत्ता नेमकं काय लिहिलेलं दिसतंय? शेवटचं नीट कधी चाललं होतं? आणि त्यानंतर मधे काय झालं: लाईट गेली होती का, नातवानं गेम टाकला का, टेबल हलवलं का?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नेहमी "काहीच नाही" असं येतं. तिथं थांबू नका. "घरात झाडझूड झाली का?" असं विचारा. मग हळूच कळतं की कालच कपाट सरकवलं होतं. वायर ढिली झालेली असते.

इंग्रजी संदेश वाचता येत नसेल तर त्यांना मोबाईलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवायला सांगा. आणि फोनवर सांगताना तुमच्या शाळेतले शब्द वापरू नका. "ब्राउझर उघडा" म्हटलं की समोरचा गप्प बसतो. "लाल-हिरवं-पिवळं गोल चिन्ह आहे ना, मधे निळा ठिपका असलेलं, त्यावर दोनदा दाबा" म्हटलं की काम होतं. "खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ दिसतंय का? त्याच्या डावीकडं पंख्यासारखं चिन्ह आहे, तेच वाय-फाय." जे दिसतं त्यावरून सांगा.

घरी गेलात तर त्यांच्या शेजारी बसा, खुर्चीत त्यांनाच बसवा. माऊसला हात लावू नका. पहिले काही दिवस हे फार जड जातं, कारण तुम्हाला दहा सेकंदांत जे जमतं त्याला त्यांना दोन मिनिटं लागतात. लागू द्या. वयस्कर माणसांचा दोनदा क्लिक करताना हात हलतो आणि फाईल उघडण्याऐवजी भलतीकडेच सरकते. त्यांना एकदा क्लिक करून एंटर दाबायला शिकवा, किंवा कंट्रोल पॅनेलमधल्या माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग कमी करून द्या. तिथंच बाण मोठा करता येतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना मी इतकंच करून दिलं होतं. त्या दिवसापासून ते स्वतः पेपर उघडून वाचतात.

लाईट, धूळ आणि घड्याळ

मराठवाड्यात कॉम्प्युटरचे निम्मे आजार लाईटचे असतात. लाईट जाण्यापेक्षा ती परत येताना बसणारा झटका वाईट. म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. तो काम चालू ठेवण्यासाठी नसतो हे आधी समजावून सांगा: दहा-पंधरा मिनिटांत फाईल सेव्ह करून नीट बंद करायला तो असतो. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत दम टाकते. लाईट जाताच यूपीएस टीं करून लगेच बंद पडत असेल तर नवा यूपीएस घेऊ नका, आधी बॅटरी बदला. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका, तो गरम होताना एकदम जास्त करंट ओढतो.

उन्हाळ्यात एक तक्रार हमखास येते: "डब्याला (म्हणजे सीपीयूला) हात लावला की मुंग्या येतात." हे हसण्यावारी नेऊ नका. अर्थिंग कमजोर झालेलं असतं. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये वाळून भेगाळते, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात ओल उरली नाही की करंट जमिनीत नीट उतरत नाही. त्यासाठी वायरमनच बोलवा. खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालणं त्यांचं नेहमीचं काम आहे. तोवर कॉम्प्युटर वापरू देऊ नका.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीनवर काही नाही आणि डबा नुसता बीप-बीप करतो, तर बहुतेक वेळा रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर, धूळ बसलेली असते. बोर्डातली पिन काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, बाजूचं पॅनेल उघडा, रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा आणि दोन्ही बाजूंचे चिमटे कट्ट वाजेपर्यंत परत बसवा. डबा उघडायची भीती वाटत असेल तर उघडू नका. त्यात कमीपणा नाही.

घड्याळाचं मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण यावर भल्याभल्यांचा दिवस जातो. गंगाखेडजवळच्या एका गावात निवृत्त गुरुजी लेकीकडे दोन महिने राहून आले. कॉम्प्युटर चालू केला, नेट होतं, तरी एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी "युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट" असा लाल त्रिकोण. कोणीतरी त्यांना सांगितलं की व्हायरस आलाय, फॉरमॅट मारावं लागेल. त्यात त्यांचे चाळीस वर्षांचे शाळेचे फोटो होते. मी जाऊन खालच्या कोपऱ्यात तारीख पाहिली. कॉम्प्युटर दहा वर्षं मागं गेला होता.

प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक ओळखपत्र असतं, आणि त्यावर "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालेल" असं लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर दहा वर्षं मागं असेल तर त्याला वाटतं, हे ओळखपत्र तर अजून सुरूच व्हायचंय, म्हणजे खोटं आहे. मग तो दार उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की सगळं पूर्ववत. पण लाईट गेली की तारीख पुन्हा मागं जाते, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ असं त्याचं नाव, तीन व्होल्टचा, किरकोळ किमतीला कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. गुरुजींनी तो स्वतः बसवला. मी फक्त टॉर्च धरली होती.

म्हणून नियम करा: साइट उघडेना म्हटलं की आधी तारीख बघायची.

रिस्टार्ट म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे

लोक सांगतात, "मी बंद करून परत चालू केलं की." ते खरं बोलत असतात. पण विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाऊन केलं तरी, लवकर चालू व्हावं म्हणून, सिस्टीम आपला काही भाग जपून ठेवते आणि तोच परत उचलते. त्यामुळे अडकलेलं तसंच अडकून राहतं. रिस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. शटडाऊन नाही, रिस्टार्ट, हे दोनदा सांगा.

फारच हळू चालत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कचा आकडा बघा. काहीही न करता तो १०० टक्क्यांवर चिकटलेला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, टाकणं हाच खरा उपाय. नवा कॉम्प्युटर घ्यायला सांगण्याआधी हे सांगा, घरातले बरेच पैसे वाचतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी जास्तीच्या सुरक्षा अपडेटची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. तेव्हा "कुठल्याही मशीनवर ११ टाकून देतो" म्हणणाऱ्यापासून लोकांना सावध ठेवा.

नेट येईना

राऊटरवरचे दिवे वाचायला शिका आणि घरातल्यांनाही शिकवा. फायबरच्या राऊटरवर एलओएस असं लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर बाहेरून येणारा उजेडच पोचत नाही. वायर कुठं तरी तुटली, उंदरानं कुरतडली किंवा खिळ्याला अडकून दुमडली गेली आहे. फायबर आत काचेचा असतो, तो दोरीसारखा गाठ मारून ठेवायचा नसतो. अशा वेळी कंपनीला तक्रार करा, कॉम्प्युटरशी झटत बसू नका. एलओएस बंद आहे, बाकीचे दिवे हिरवे आहेत, तरी नेट नाही, तर राऊटरची पिन काढून एक मिनिट थांबा आणि परत लावून चार-पाच मिनिटं धीर धरा. लाईट आल्या आल्या "नेट कामून येईना" म्हणून ओरडणाऱ्यांना हेच सांगायचं असतं.

आता घराचं बघा. जुन्या माळवदाच्या घरात भिंती हातभर जाड, दगडमातीच्या. ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत, लावलेल्या राऊटरचं नेट मागच्या खणात पोचणारच नाही. त्यात राऊटरचा दोष नाही. दोन उपाय आहेत. एक, राऊटर चौकाच्या बाजूला, उंचावर, मोकळा ठेवायचा. कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा देवळीत नाही. दोन, राऊटरनं दोन नावं दाखवली असतील तर ज्याच्या शेवटी ५जी नाही ते निवडायचं. ते ५जी मोबाईलचं फाईव्ह जी नव्हे; तो पाच गिगाहर्ट्झचा पट्टा आहे, वेगवान पण भिंत न पेलणारा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा हळू, पण भिंतीतून पुढे जातो. मागच्या खोलीत बसून पीडीएफ बघायला तोच बरा.

"चाळीसचा प्लॅन घेतलाय, पण पाचच स्पीड दाखवतंय, फसवलं," ही तक्रारही येते. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाऊनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं, आणि आठ बिटांचा एक बाइट. चाळीस भागिले आठ, पाच. बरोबर आहे. कागदावर भागाकार करून दाखवा. पटतं.

ईमेल: खातं कोणाच्या नंबरवर आहे?

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण आपल्या भागातल्या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान याच जागी होतं.

अकरावीचा, सीईटीचा किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मुलगी बापाबरोबर तालुक्याच्या नेट कॅफेत जाते. फॉर्मला ईमेल लागतो. तिच्याकडे नसतो. कॅफेवाला घाईत असतो, बाहेर रांग असते. तो दोन मिनिटांत खातं काढून देतो आणि ओटीपीसाठी स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो. पासवर्ड पावतीच्या मागे पेन्सिलनं लिहून देतो. पावती हरवते. सहा महिन्यांनी कॅप राउंड (प्रवेशाची फेरी) लागतो, मेल बघायचा असतो, आणि लॉगिनचा कोड जातो कॅफेवाल्याच्या फोनवर. त्यानं मधल्या काळात सिम बदललेलं असतं. लातूरला शिकायला खोली घेऊन राहिलेली एक मुलगी याच कारणानं रात्री अकरा वाजता रडत फोनवर होती आणि दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. सुदैवानं तिच्या भावाच्या जुन्या मोबाईलवर ते खातं उघडं राहिलं होतं. नाहीतर माझ्याकडे काहीही उपाय नव्हता.

म्हणून कोणाच्याही घरी गेलात, भले प्रिंटरसाठी गेला असाल, तरी हे विचाराच: "घरातल्या पोरांचे ईमेल कोणाच्या नंबरवर आहेत?" आणि खातं कुठल्याही एका फोनवर उघडं असेल तोवर हे उरकून घ्या:

१. जीमेल उघडा. वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबा आणि "मॅनेज युअर गुगल अकाउंट" मध्ये जा.

२. "सिक्युरिटी" मध्ये रिकव्हरी फोन, म्हणजे खातं परत मिळवायचा नंबर, दिसेल. तो घरातल्या, कायम चालू राहणाऱ्या नंबराचा करा. आईचा किंवा बापाचा चालतो. बदलल्यावरही काही दिवस गुगल जुन्या नंबरावर कोड पाठवू शकतं, म्हणून शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

३. रिकव्हरी ईमेल म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाचा ईमेल द्या.

४. त्याच पानावर कोणकोणत्या फोनवर-कॉम्प्युटरवर खातं उघडं आहे त्याची यादी असते. कॅफेचा कॉम्प्युटर तिथं दिसला तर त्याला बाहेर काढा आणि पासवर्ड बदला.

५. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) चालू केलं तर बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा. छापून दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाईलमध्येच ठेवा. फोन हरवला तरी त्यातला एक कोड दार उघडतो.

नंबराबद्दल अजून एक. रिचार्ज स्वस्त म्हणून सिम बदलायची आपल्याकडे सवय आहे. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मग तुमचा ओटीपी त्याच्याकडे जातो. आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गुगल ते पुसूही शकतं. महिन्यातून एकदा लॉगिन करायला सांगा.

बाकी ईमेलचे प्रश्न सोपे आहेत. मेल आला नाही म्हणाले की स्पॅम बघा. चुकून पुसला असेल तर बिन किंवा ट्रॅशमध्ये ३० दिवस असतो. फाईल जात नसेल तर ती २५ एमबीच्या वर असेल, गुगल ड्राइव्हवर टाकून तिची लिंक पाठवा. मेल येणंच थांबलं असेल तर १५ जीबी भरले असतील. ही जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते, आणि ती बहुतेक वेळा फोटोंनीच भरते. लग्नाचे तेच ते चार-चार व्हिडिओ आधी पुसा.

मराठीत टाईप करायचंय

ग्रामपंचायतीतला अर्ज पेन ड्राइव्हवर घेऊन माणूस शहरात प्रिंट काढायला येतो आणि कागदावर "मराठी" ऐवजी ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं उमटतात. फाईल खराब झालेली नसते. ती कृतीदेव फॉन्टमध्ये टाईप केलेली असते. त्या पद्धतीत कॉम्प्युटर आत इंग्रजी अक्षरंच साठवतो आणि त्यांवर फक्त मराठी चेहरा चढवतो. दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की चेहरा उतरतो. युनिकोडमध्ये "म" हा "म" म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो मोबाईलवर, मेलमध्ये, सरकारी फॉर्ममध्ये, सगळीकडे तसाच दिसतो. नव्यानं शिकणाऱ्याला युनिकोडच शिकवा, यात मी अजिबात मागेपुढे बघत नाही.

विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंग्ज, टाईम अँड लँग्वेज, लँग्वेज, ॲड अ लँग्वेज, मराठी. मग विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत आणि परत. दोन कीबोर्ड मिळतात: इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक. फोनेटिकमध्ये इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटतं, दोन पानांच्या अर्जाला ते पुरतं. ज्याला रोज टाईप करायचंय त्यानं इनस्क्रिप्ट शिकावा. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, अशी त्याची सरळ मांडणी आहे. डी वर हलन्त, के वर क, जे वर र. "क्र" हवा तर के, डी, जे. एवढं एक जोडाक्षर त्यांच्या हातून दहा वेळा काढून घ्या, बाकीची आपोआप उलगडतात. आणि ज्या आजींना टाईपच करायचं नाही त्यांना मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाखवा. मराठी निवडून बोललं की बऱ्यापैकी उमटतं.

फॉर्मसाठी फोटो "५० केबीच्या आत" हवा असतो, त्यावर पोरं तास घालवतात. पेंटमध्ये फोटो उघडा, रिसाईजमध्ये टक्केवारी कमी करा, जेपीजी म्हणून वेगळ्या नावानं सेव्ह करा आणि फाईलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकडा बघा. आपला आधार किंवा फोटो कुठल्याही अनोळखी फुकट साइटवर चढवायची गरज नाही.

फसवणूक: आधी फोन, मग बाकी सगळं

घाबरलेल्या आवाजात फोन आला, "पैसे गेले रे," तर पहिलं वाक्य नीट निवडा. "कशाला दाबलं तुम्ही?" हे चुकूनही म्हणू नका. लाजेपोटी माणूस दोन दिवस घरात सांगत नाही, आणि तेच दोन दिवस चोराला हवे असतात. मी म्हणतो, "किती वाजता गेले? आधी १९३० लावा." हा सायबर फसवणुकीचा देशभरचा क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. त्याच वेळी दुसऱ्यानं बँकेला फोन लावावा. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. यूपीआयचा तो बारा आकडी असतो. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा.

व्हॉट्सॲपवर आलेली एखादी फाईल उघडून झाली असेल, चलानाची, पीएम किसानच्या हप्त्याची किंवा लग्नपत्रिकेची, आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असं असेल, तर त्या फोनचं नेट लगेच बंद करा, फ्लाइट मोड लावा. ती पत्रिका नसते, ॲप असतं, आणि ते येणारे ओटीपीचे मेसेज चोराकडे पाठवतं. १९३० ला फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा, पासवर्डही दुसऱ्याच मशीनवरून बदला.

घरात सगळ्यांना बसवून एवढ्या गोष्टी सांगून ठेवा. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस "तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात" म्हणाला तर फोन ठेवायचा, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. आणि सातबारा काढताना साइटचा पत्ता वाचायचा. सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा दिसल्या तर त्या सोडून द्या, त्यापुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडं "डॉट गव्ह डॉट इन" आहे का बघा. नुसतं "महाभूमी" नाव कुठंतरी आलं म्हणजे ती सरकारी साइट होत नाही. खऱ्या साइटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो.

कोपऱ्यातून सारख्या "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस" अशा पट्ट्या येतात, तो व्हायरस नसतो. कधीतरी कुठल्या साइटवर "अलाऊ" दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली अनोळखी नावं ब्लॉक करा.

वही, आणि दुकान

निघताना एक वही मागा. शंभर पानी, साधी. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच शब्दांत आज केलेलं लिहून घ्या. एका काकूंच्या वहीत "वाय-फायचं काळं डबडं. लाल दिवा म्हणजे आपली चूक नाही. फोन लावणे" असं लिहिलंय, आणि त्याहून चांगलं मला लिहिता आलं नसतं. पासवर्ड वहीत लिहू नयेत असं सगळे सांगतात. साठीपुढच्या माणसांच्या बाबतीत मला ते पटत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे लिहून वही कपाटात कुलपात ठेवलेली बरी. बँकेचा आणि यूपीआयचा पिन मात्र त्यात नको.

आणि जे तुम्हाला जमत नाही ते दुकानात पाठवा. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर एक मिनिटही चालू ठेवू नका. बाकी बिघाड असेल आणि मशीन चालू होत असेल, तर नेण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेन ड्राइव्हवर उतरवा, क्रोममधले साठवलेले पासवर्ड काढून टाका, मोबाईलच्या व्हॉट्सॲपमधल्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून तो कॉम्प्युटर लॉग आउट करा. काय होतंय ते एका चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा. "फॉरमॅट विचारल्याशिवाय करू नये" हे त्याच चिठ्ठीवर, मोठ्या अक्षरात. लॅपटॉप असेल तर चार्जर सोबत द्या.